झोक्याचं निमित्त

"आत्या, तू येशील ना? तू असलीस तर बाबा हो म्हणतील."

हे वाक्य ऐकण्याची पाळी माझ्यावर आता आली; त्याआधी कित्येक वर्षं ते मी स्वतः बोलत होते. माझ्या वेळी आत्याच्या जागी काकू असायची, कधी शेजारची थोरली सून. कोणीच मिळालं नाही तर धाकटा भाऊ. त्याला स्वतःच्या चपला कुठे काढल्या ते आठवत नसे, पण तो सोबत आहे म्हटलं की घर निर्धास्त होई. आता तोच भाऊ मुलीचा बाप झाला आहे आणि परवानगी त्याच्याकडे मागायची आहे.

भाचीचं लग्न मार्गशीर्षात ठरलं होतं. पुण्यात तिच्याबरोबर नोकरी करणाऱ्या तिघी आणि जळगावात इंजिनिअरिंगला बरोबर असलेल्या दोघी, अशा पाच जणींना तिला घेऊन दोन दिवस कुठेतरी जायचं होतं. ती त्याला बॅचलरेट म्हणत होती. भावाला फोनवर तो शब्द अर्धाच ऐकू आला. "कोणती बॅच?" त्याने विचारलं. "तुमची बॅच तर पास होऊन पांगली." मग तिने फोड करून सांगितलं: लग्नाआधी मैत्रिणी नवरीला घेऊन फिरायला जातात, मजा करतात, राहतात. 'राहतात' या शब्दाशी भाऊ थांबला. आधी गोवा ठरलं होतं, ते लोणावळ्यावर आलं. भावाने नाही म्हटलंच नाही. तो एवढंच म्हणाला, "लग्न झाल्यावर जा की. जावईबापूंबरोबर."

आमच्याकडे नकार असाच देतात. हे वाक्य मलाही ऐकवलं गेलं होतं, माझ्या आईलाही. मुलीने जग बघायला कोणाची हरकत नसते, फक्त ते तिने पुढच्या घरी गेल्यावर बघावं.

पोरी हुशार. त्या म्हणाल्या, मग आम्हीच पहूरला येतो. घर तुमचं, शेत तुमचं, जेवण तुमचं, अजिंठ्याची लेणी अर्ध्या तासावर, आणि देखरेखीला आत्या. भावाकडे नकाराला जागाच उरली नाही.

पहूरला कोणी मुद्दाम येतं, याचं आम्हाला अजून अप्रूप आहे. पेठ आणि कसबा अशी दोन गावं, मधून वाघूर वाहते. जळगावहून संभाजीनगरकडे जाणारा रस्ता इथून जातो आणि जामनेर-शेंदुर्णीचा रस्ता त्याला इथेच मिळतो. त्यामुळे स्टँडवर गर्दी कायम, पण ती गाडी बदलणाऱ्यांची. लेण्यांना जाणारे परदेशी पाहुणे काचेतून आमच्याकडे बघतात, आम्ही त्यांच्याकडे बघतो, आणि गाडी फर्दापूरच्या दिशेने निघून जाते. लहानपणी मला वाटायचं, जगातले सगळे लोक पहूरवरून जातात आणि एकही उतरत नाही. त्यांत आमच्या पाहुण्या सहा बॅगा, एक स्पीकर आणि सोनेरी फुगे घेऊन उतरल्या, तेव्हा रसवंतीवाल्यानेसुद्धा चरक थांबवला.

मी त्यांच्या वयाची होते तेव्हा फिरायला जायला पैसे लागत नसत, निमित्त लागे. निमित्त चांगलं असेल तर कुठेही जाता येई. नदीवर धुणं हे निमित्त. गिरणी हे निमित्त. गिरणीत भाऊगर्दी असली तर उत्तमच, डबा नंबरात ठेवून तासभर ओट्यावर बसता येई. देवळात जाणं हे सर्वांत मोठं, कारण त्याला नाही म्हणणारा स्वतःच अडचणीत येतो. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून आश्विनाच्या पौर्णिमेपर्यंत महिनाभर आमच्याकडे गुलाबाई बसते. मातीची गुलाबाई, तिच्या शेजारी गुलोजी, आणि रोज संध्याकाळी या घरून त्या घरी टिपऱ्या घेऊन गाणी म्हणत फिरणाऱ्या आम्ही पोरी. शेवटी डबा हलवून खाऊ ओळखायचा. खाऊ जितका अवघड तितका त्या घरातला मुक्काम लांबायचा, म्हणून आम्ही मुद्दाम चुकीची नावं घ्यायचो. फुटाण्यांचा आवाज स्पष्ट येत असताना "जिलबी" म्हणायची माझ्या एका मैत्रिणीची, शेंदुर्णीवालीची, हातोटी होती. गाणी सगळी सासरची: सासू, नणंद, रुसणं, माहेराला धाडत नाहीत ते दुःख. लग्नाचा पत्ता नसलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुली सासूची उणीदुणी सुरात काढत आणि आमच्या आज्या कौतुकाने ऐकत. आता वाटतं, ती शिकवणीच होती. अभ्यासक्रम कडू होता म्हणून शेवटी खाऊ.

शेंदुर्णीवाली, वाकोदवाली, जामनेरवाली आणि मी पहूरवाली. कॉलेजात आम्ही एकमेकींना अशा गावांनीच हाका मारायचो. सासरी बायकांना माहेरच्या गावाने ओळखतात, ते आम्ही आधीच सुरू करून टाकलं होतं. वाकोदवाली मामाकडे पहूरलाच राहायची. जामनेरला कॉलेजला आम्ही पीजेने जायचो. पाचोरा ते जामनेर ५६ किलोमीटरची, अडीच फुटी रुळांवरची आमची छोटी गाडी. शेंदुर्णीवाली मागून बसून यायची, आम्ही पहूरला चढायचो. ती गाडी इतकी सावकाश चाले की अर्धी मैत्री तिने केली, असं म्हणायला हरकत नाही. वेगवान गाडीत इतक्या गोष्टी सांगून झाल्या नसत्या.

१९९४ च्या हिवाळ्यात आम्ही चौघींनी ठरवलं की कॉलेज बुडवून लेण्यांना जायचं. शाळेच्या सहलीने सगळ्या जाऊन आलो होतो, पण ते दोन-दोनच्या रांगेत, बाईंच्या शिट्टीवर. आम्हाला आपलं आपण जायचं होतं. अडचण एकच. जामनेरहून फर्दापूरला जायचं तर पहूरच्या स्टँडवर एस.टी. बदलावी लागे, आणि पहूरच्या स्टँडवर माझं सगळं गाव उभं असे. आम्ही तोंडं ओढणीत बांधून उतरलो, मुंड्या खाली घालून दुसऱ्या गाडीत बसलो. गाडी सुटली. सुटलो, असं वाटलं तेवढ्यात कंडक्टर तिकिटाची पेटी वाजवत आला आणि त्याने माझ्या चपलांकडे बघून विचारलं, "मास्तरांची ना व तू? कुठी चालली?"

वाकोदवालीने तिथल्या तिथे उत्तर दिलं: "आमच्या घरी. नोट्स आणायला." मग आम्हाला खरंच वाकोदला उतरावं लागलं. तिच्या आईने चौघींना बघून दोन प्रश्न विचारले नाहीत, पिठलं टाकलं. आम्ही जेवलो आणि परत आलो. लेणी तिथून इतकी जवळ होती की डोंगराची कड दिसत होती. त्यानंतर तीस वर्षांत मी लेण्यांना वीस वेळा तरी गेले असेन. सासरचे पाहुणे, नवऱ्याचे साहेब, मुलांचे मित्र, सगळ्यांना घेऊन. खानदेशात लेणी पाहुण्यांना दाखवायची असतात. मैत्रिणींबरोबर मात्र कधीच गेले नाही.

म्हणून भाचीला मी लगेच हो म्हटलं. तिच्यावर उपकार केले असं तिला वाटू दिलं, ती गोष्ट वेगळी.

शनिवारी शेतात भरताचा बेत होता. घरात आईने दोन हरकती घेतल्या. एक तर कार्तिकी अमावस्या, अमावस्येला नवरीने शिवारात राहायचं का? आणि दुसरं, चंपाषष्ठीला अजून आठवडा होता. खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवल्याशिवाय ती चातुर्मासानंतर वांगं तोंडाला लावत नाही. पहिल्या हरकतीला भाची म्हणाली, "आजी, अमावस्येला तारे जास्त दिसतात." दुसरीला कोणाकडे उत्तर नव्हतं. आई घरी राहिली, पण लोणच्याची बरणी तिने स्वतः भरून दिली.

भरीत पार्टी म्हणजे काय हे खानदेशाबाहेरच्यांना नीट कळत नाही. त्यांना वाटतं, वांग्याची भाजी. थंडी सुरू झाली की इकडे मित्रमंडळी, ऑफिसं, भाऊबंद, सगळे कोणाच्या तरी मळ्यात जमतात. वांगी जांभळी नसतात, फिकट हिरवी, लांबट, हातात जड लागणारी. ती पऱ्हाटीच्या जाळावर भाजायची, कारण कपाशीच्या वाळल्या काड्यांची आच भरभर येते आणि धुराचा वास वांग्यात उतरतो. गॅसवर भाजलेल्या वांग्याला आमच्याकडे भरीत म्हणतात ते केवळ सभ्यपणापोटी. साल काढून गर लाकडी बडगीत मिरच्यांबरोबर ठेचायचा; मिक्सर लावला तर त्याचा लगदा होतो. वर तेलात लसूण, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात. बरोबर कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत अख्खे उडीद दळून केलेली, काळसर, मिठाची चव असलेली. मुळा आणि कांदा बुक्कीने फोडून.

एक गोष्ट मला त्या दिवशी प्रथमच जाणवली. माझ्या आयुष्यात मी शेकडो भरीत पार्ट्यांच्या भाकरी थापल्या आहेत. भाकरी घरी व्हायच्या, फडक्यात बांधून मळ्यात जायच्या, आणि मळ्यात पुरुष असायचे. दुसऱ्या दिवशी भरीत कसं झालं होतं त्याची चर्चा ऐकायला मिळे. जाळाशेजारी बसून, हात चटके खात, पहिला घास मी त्या शनिवारी घेतला. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी.

पोरींनी भाचीच्या खांद्यावरून 'ब्राइड टू बी' लिहिलेला गुलाबी पट्टा घातला, डोक्यावर चमचमता मुकुट. फुगे कडुनिंबाला बांधले. दोन फुटले आणि बैल बिचकले. भावाने आमच्या संरक्षणासाठी सालदार आणि त्याची बायको अशी दोघं ठेवली होती. सालदार जाळ लावून देऊन गोठ्याकडे निघून गेला, त्याला आमचा संकोच वाटत असावा. त्याची बायको मात्र हलली नाही. ती तव्यावर भाकरी टाकत होती आणि पोरींच्या खेळाकडे टक लावून बघत होती. खेळ 'ट्रूथ ऑर डेअर'चा चालला होता. खरं सांग नाहीतर सांगू ते कर. एकीने ऑफिसातल्या साहेबाची नक्कल केली, एकीला होणाऱ्या जावयांना फोन लावून रुसायला लावलं. काही प्रश्न असे आले की मी उठून विहिरीकडे तारे बघायला गेले. बाटल्यांमध्ये काय होतं तेही मी विचारलं नाही. भावाने विचारलं तर मला ठाऊक नाही असं खरं सांगता यावं, एवढी सोय मी ठेवली.

परत आले तेव्हा सालदाराची बायको पदराने डोळे पुसत हसत होती. म्हणाली, "बाई, आम्ही आखाजीले असंच करत होतो. फक्त मोठ्यानं."

खरं होतं ते. खानदेशात काही गावांत आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, नदीच्या एका काठावर या गावच्या बाया आणि दुसऱ्या काठावर त्या गावच्या बाया उभ्या राहायच्या आणि एकमेकींना हातवारे करून शिव्या द्यायच्या. त्याला बार म्हणत. वर्षभर डोक्यावरचा पदर न ढळू देणारी बाई त्या दिवशी काय काय बोलत असे ते सांगायची सोय नाही. सणाचा परवाना होता, त्यामुळे दुसऱ्या दिवशी कोणी त्याचा जाब विचारत नसे. पोरींना मी हे सांगितलं तर त्या थक्कच झाल्या. आपण आणलेला खेळ फार धीट आहे अशी त्यांची समजूत होती.

बाहेरच्या जगात बॅचलरेटच्या या प्रकाराला काय काय नावं आहेत. इंग्लंडात 'हेन नाइट' म्हणतात, कोंबड्यांची रात्र. नवरदेवाच्या मित्रांची ती नर हरणांची. नावातच कोण मागे लागणार आणि कोण कलकल करणार ते ठरवून टाकलं आहे. आपल्याकडे केळवण आहे, पण केळवणात नवरी दुसऱ्याच्या घरी पाटावर बसून पुरणपोळी संपवते आणि मैत्रिणी वाढतात. २०२१ साली 'झिम्मा' सिनेमा आला. बायकांचीच सहल थेट इंग्लंडला जाते. तेव्हा आमच्या जळगावच्या थिएटरात बायका घोळक्याने आल्या होत्या आणि मध्यंतरात एकमेकींना विचारत होत्या, आपण कधी? नाव जुन्या खेळाचंच घेतलं, त्यातच सगळं आलं. झिम्मा-फुगडीला मंगळागौर लागायची. या पोरींना देव लागत नाही, व्रत लागत नाही. मजा करायची आहे, हेच कारण म्हणून सांगता येतं. आईबापांसमोर ते उच्चारताना त्यांचा आवाज बदलत नाही. मला या सगळ्या फुग्या-पट्ट्यांपेक्षा तेवढं एक नवीन वाटलं, आणि हेवाही त्याचाच वाटला.

जाळ विझत आला, स्पीकर बंद झाला. कपाशीच्या शेवटच्या वेचणीचं शेत अंधारात पांढरं पांढरं दिसत होतं. पोरी गोधड्यांत शिरून हळू आवाजात बोलायला लागल्या. भाची दिवसभर हसत होती, ती म्हणाली, "आता तुम्ही मला बोलावणार नाही. म्हणाल, तिचं लग्न झालंय, तिला कुठे जमणार." सगळ्यांनी एकदम "नाही ग" म्हटलं. इतक्या एकदम की ते खरं वाटेना. मग तिने माझ्याकडे वळून विचारलं, "आत्या, तुझी बॅचलरेट झाली असती तर तू कोणाला बोलावलं असतंस?"

मी तीन गावांची नावं सांगितली.

"आता कुठे असतात?"

शेंदुर्णीवाली नाशिकला, जामनेरवाली भुसावळला. वाकोदवाली सुरतेला, कापडाच्या धंद्यात. अर्धा खानदेश सुरतेला आहे. तिला शेवटची कधी भेटले, हे मोजायला मला बोटं लागली. २००५ ची आखाजी. एकोणीस वर्षं. फोन नंबर होता, वाढदिवसाला फुलांची चित्रं जात-येत होती. भेट नव्हती.

रविवारी लेण्यांना गेलो. फर्दापूरच्या नाक्यावर आपली गाडी ठेवून लेण्यांच्या बसने पुढचे चार किलोमीटर जायचं, हे पुण्याच्या पोरींना फार आवडलं. मला त्या बसमध्ये शिरताना ओढणीत तोंड बांधलेल्या चौघी आठवल्या. वाघूर इथेच घोड्याच्या नालेसारखं वळण घेते. पावसाळ्यात सप्तकुंडावरून कोसळते, मार्गशीर्षाच्या तोंडावर मात्र खडकातल्या डोहांपुरती उरते. हेच पाणी पुढे आमच्या गावातून जातं, हे सांगितल्यावर एकीने पुलावरून वाकून पाहिलं, जणू पहूर तिथून दिसणार होतं.

दहाव्या लेण्यात मी त्यांना खांबावरचं नाव शोधायला लावलं. जॉन स्मिथ, अठ्ठाविसावी घोडदळ, २८ एप्रिल १८१९. मद्रासकडचा हा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला दोस्तांबरोबर निघाला होता. खानदेश इंग्रजांकडे जाऊन जेमतेम वर्ष झालेलं. दरीपलीकडून त्याला झाडीत लेण्याची कमान दिसली, आत शिरला, आणि इसवी सनापूर्वीच्या चैत्यगृहात उभं राहिल्यावर त्याने काय केलं, तर खांबावर नाव कोरलं. आज ते माणसाच्या उंचीच्या वर आहे, कारण तेव्हा आत राडारोडा साचलेला होता आणि तो त्याच्यावर उभा होता. रेषा आता जेमतेम दिसतात. "म्हणजे ही बॅचलर पार्टी," पुण्याची एक म्हणाली. मला तो विनोद पटला. घोड्यावर बसून मित्रांसोबत अनोळखी दरीत शिरलेल्या त्या पोराला कोणी विचारलं नसेल, कुठी चालला रे, सोबत कोण आहे. दोन हजार वर्षांच्या चित्रांचा जगाला शोध लागला तो एका सहलीमुळे, आणि त्या सहलीला निमित्त म्हणून एक वाघ पुरला.

घरी आल्यावर मी एक उद्योग केला. १८१९ च्या एप्रिलमधल्या तिथ्यांचा हिशोब मांडला. चैत्री अमावस्या २४-२५ एप्रिलच्या सुमारास येते, म्हणजे वैशाख शुद्ध तृतीया त्यानंतर दोन-तीन दिवसांत. स्मिथ लेण्यात शिरला तो आखाजीचा आठवडा होता. तो वर खांबावर नाव कोरत होता त्या दिवसांत खाली वाघूरच्या काठाकाठाने झाडांना झोके टांगलेले असणार आणि माहेरी आलेल्या पोरी गाणी म्हणत असणार. त्यांची नावं कोणत्याही खांबावर नाहीत. असो.

दुसऱ्या लेण्यात झोका आहे. उजवीकडच्या भिंतीवर, अंधारात डोळे सरावले की दिसतो. विधुरपंडिताच्या जातकातली नागकन्या इरंदती झोक्यावर बसली आहे, दोन्ही हातांनी दोर धरून, पाचव्या शतकापासून. तिची आई राणी विमला विधुरपंडिताच्या हृदयासाठी हटून बसली आहे आणि बापाने मुलीला सांगितलं आहे, ते आणून देईल असा नवरा शोध. पुण्णक यक्ष तिला बघतो, भाळतो, आणि पुढे द्यूत, प्रवास, उपदेश असं मोठं कथानक सुरू होतं. भाची बराच वेळ त्या चित्रासमोर उभी राहिली. "हिचं लग्न ठरतंय?" तिने विचारलं. मी म्हटलं, "ठरायच्या आधीचा झोका आहे हा." "मग नंतरचा झोका कुठे काढलाय?" मी म्हटलं, "नंतरचा लेण्यात नाही. आपल्या गावात आहे."

बोलून गेले आणि मग लक्षात आलं की गेले दोन दिवस मला जे सांगायचं होतं ते हेच. खानदेशाने मैत्रिणींचा मोठा सण लग्नाआधी ठेवलाच नाही, लग्नानंतर ठेवला. आखाजी ही सासुरवाशिणींची. दिवाळीलाही नसेल एवढी ओढ तिची. बहिणाबाईंनीही आखजीवर लिहिलं ते याच ओढीतून. वैशाखातल्या रखरखीत उन्हात, शेतात काम नाही तेव्हा, लेकी माहेरी येतात. खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, सांजोऱ्या, गौराई, आणि कडुनिंबाला बांधलेला झोका. झोक्यावर दोघी समोरासमोर उभ्या राहतात, वर्षभराचं सासर एकमेकींना सांगतात. कोणाला दिवस गेले, कोणाची सासू सुधारली, कोण यंदा आली नाही. आमची पीजे त्या आठवड्यात बायका-पोरांनी आणि पिशव्यांनी खिडकीपर्यंत भरलेली असे. २०२० च्या मार्चमध्ये ती थांबली, त्यानंतर सुटली नाही.

जुनं सगळं सोन्याचं होतं असं मी म्हणणार नाही. आखाजीला मुराळी घ्यायला यावा लागे, आणि सासरच्यांनी धाडावं लागे. भावांचं पटेना, आई गेली, बाप थकला की लेकीची आखाजी संपे. झोका असे, तिची पाळी नसे. माझ्या एका काकूने माहेर तुटल्यावर वीस वर्षं त्या दिवशी पुरण शिजवलं नाही. आमच्या या पोरींना मुराळी लागत नाही. स्वतःच्या पगारातून तिकीट काढतात, फोनवरून गाडी बोलावतात, बारा वाजता हॉटेलात शिरतात. एवढी मोकळीक हाताशी असताना त्यांनी जल्लोषाला निवडला तो निरोपाचा दिवस. जणू उद्यापासून गोधडीत शिरून बोलणं बंद होणार आहे. ज्यांना कोणी रोखणार नाही त्याच आधी निरोप घेऊन मोकळ्या होतात, हे मला विपरीत वाटतं. आम्हाला सगळे रोखत होते तरी आम्ही लग्नानंतर अकरा आखाज्या भेटलो. बारावीला कोणी रोखलं नव्हतं. मुलांच्या परीक्षा होत्या, सुट्ट्या नव्हत्या, ऊन फार होतं. आम्हीच गेलो नाही.

परतीच्या वाटेवर वाकोद लागलं तेव्हा मी गाडी थांबवायला सांगितली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून सुरतेला फोन लावला. "वाकोदच्या फाट्यावर उभी आहे," मी म्हटलं, "लेणी बघून आले." पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "माझ्याशिवाय?" आणि भांडायला लागली. एकोणीस वर्षांचं भांडण तिने त्या अर्ध्या तासात केलं. पोरी गाडीत बसून कुरमुऱ्यांचा भडंग संपवत होत्या.

निघताना सालदाराच्या बायकोने सहाही जणींना सांगितलं होतं, "आखाजीले या व पोरीहो, तवा झोका बांधतो." सगळ्या हो म्हणाल्या होत्या. पोरींच्या या 'हो'चं काय होतं ते मला माहीत आहे, म्हणून मी भावाला आधीच सांगून ठेवलं होतं की पुरण बेताचं घाला.

२०२५ ची आखाजी ३० एप्रिलला झाली, बुधवारी. भाची आली. जावईबापू तिला सोडायला आले होते; जेवून, आमरसाची तिसरी वाटी नाही नाही म्हणत संपवून जळगावला गेले. पाच मैत्रिणींपैकी दोघी आल्या, बाकीच्यांना रजा मिळाली नाही. माझ्या तिघींपैकी जामनेरवाली आली आणि वाकोदवाली सुरतेहून रात्रीच्या गाडीने आली. शेंदुर्णीवालीचे गुडघे दुखत होते. ती व्हिडिओ कॉलवर होती, आणि डबा वाजवून दाखवल्यावर तिने फुटाण्यांना जिलबी म्हटलं. भावाने झोक्याला नायलॉनचा नवा दोर आणला. वाकोदवाली आणि मी दोघी एकदम उभ्या राहिलो तर फांदी करकरली, म्हणून बसून घेतलं.

२०२६ ची आखाजी १९ एप्रिलला. रविवार, रजा टाकायला नको.